अकरावी रेघ

आरोपपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं पडलं होतं आणि दादाने त्यावरच चहाचा कप टेकवला होता.

“कप उचला,” वहिनी म्हणाली.

“उचलला तर कागद बदलणार आहे का?”

“कप उचला म्हटलं ना!”

दादाने कप उचलला. ‘हेतुपुरस्सर’ या शब्दाभोवती ओलं वर्तुळ उमटलं होतं. वहिनीने ते बाहीने पुसायचा प्रयत्न केला, तर शाई आणखीच फिसकटली.

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला दादाची धाकटी बहीण बसली होती. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, जिथे चित्र उमटतं तो पातळ पडदा असतो. त्या पडद्याचे फोटो काढायचं काम ती डोळ्यांच्या रुग्णालयात करायची. तिथे तिला सगळे फोटोवाली म्हणत आणि ते नाव कधीतरी घरापर्यंत येऊन पोचलं होतं. वहिनी मात्र चिडली की तिला वन्सं म्हणायची. गेला आठवडाभर ती तिला वन्संच म्हणत होती.

“वाचा ना वन्सं. तुम्हीही वाचा. जोडपत्र क्रमांक दोन तुमच्याच कृपेने आलंय.”

वहिनी इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. एकोणीस वर्षं तिने तेच काम केलं होतं. ट्रेमधल्या खाचांत चाळीस सुया ओळीने मांडलेल्या, सगळ्यांचा तासलेला भाग वर आणि टोक समोर. घड्याळजी लावतो तसं भिंग उजव्या डोळ्याला लावायचं, एकेका टोकावर नजर ठेवायची आणि टोक जरा जरी वळलेलं दिसलं की ती सुई चिमट्याने उचलून बाद पाकिटात टाकायची. अशा सुईला तिथे नुसतं ‘वाकडी’ म्हणत. वाकडी सुई टोचताना कातडी ओरबाडते, शीर फाडते. एकोणीस वर्षांत वहिनीच्या हातून किती वाकड्या सुटल्या, याचा आकडा कारखान्याकडेच होता: पहिल्या सतरा वर्षांत दोन.

चार महिन्यांपूर्वी तिने तपासलेल्या एका गठ्ठ्यातून चौदा वाकड्या बाहेर गेल्या. एका रुग्णालयाने त्या परत पाठवल्या, सोबत एका म्हाताऱ्या रुग्णाच्या काळ्यानिळ्या हाताचा फोटो. त्याच गठ्ठ्यातून वहिनीने सोळा वाकड्या बरोबर पकडल्या होत्या, आणि आरोपाचा सगळा डोलारा त्या सोळांवर उभा होता. हिला दिसत नसतं तर तीसच्या तीस सुटल्या असत्या. सोळा दिसल्या म्हणजे दिसतं. दिसत असून चौदा सोडल्या म्हणजे ही बघतच नव्हती. भिंग लावून बसली होती आणि सुया नुसत्या पुढे ढकलत होती.

“मान खाली घालायची आणि माफी मागून मोकळं व्हायचं,” दादा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा; त्याच्या जगात वस्तू चालायची नाहीतर बंद पडायची. “बदली करतील, ओरडतील, संपलं. उगाच डोळ्यांचं नाटक केलंस तर घरी बसवतील.”

“नाटक!” वहिनी त्याच्याकडे वळली. “वर्षापूर्वी मी स्वतःच्या हाताने अर्ज दिला होता. भिंगावरून काढा, मला टोकाशेजारचं पुसल्यासारखं दिसतं. सुपरवायझर म्हणाला, सर्टिफिकेट आण. मी कुठे गेले? वन्संच्या रुग्णालयात गेले. म्हटलं घरचं माणूस आहे.”

फोटोवालीने जोडपत्र क्रमांक दोन ओढून घेतलं. तिच्या मोठ्या डॉक्टरांची सही. दृष्टी चांगली, पडदा नॉर्मल, तक्रारीला आधार आढळला नाही. आणि खाली, छापील चौकटीत, एक ओळ: ‘रुग्ण स्थिर बसत नाही, सहकार्य कमी.’

ती ओळ डॉक्टरांची नव्हती. ती फोटोवालीने टाइप केली होती.

तिने घाईने पान उलटलं. पुढच्या पानावर परत आलेल्या चौदा सुयांच्या टोकांचा मोठा करून काढलेला फोटो होता, सात-सातच्या दोन ओळी, सगळ्यांचा तासलेला भाग वर. आयुष्यभर तिने फोटोच पाहिले होते, त्यामुळे अक्षरांआधी तिला आकार दिसत. चौदाच्या चौदा टोकं डावीकडे वळलेली होती.

“वहिनी, सुया दोन्हीकडे वाकतात ना?”

“वाकतात. डावीकडे, उजवीकडे, वर. यंत्राच्या मनाला येईल तशा. का?”

फोटोवालीला वर्षापूर्वीची दुपार आठवली. वहिनीची हनुवटी टेकणीवर, कपाळ पट्टीला, समोर यंत्रातला हिरवा क्रॉस. मागे सतरा माणसं रांगेत.

“क्रॉसकडे बघ. मधोमध.”

“पूर्ण नाहीये तो.”

“वहिनी, पूर्णच असतो. सगळ्यांना पूर्ण दिसतो.”

“अगं, त्याचा डावा हात निम्माच आहे.”

“हातपाय नको मोजूस. समोर बघ आणि हलू नकोस. इथे काय आपलं घर आहे का?”

आणि तिने बटण दाबलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात पोचली तेव्हा सफाई चालू होती आणि बाहेरची बाकं भिंतीला उलटी टेकवलेली होती. यंत्र सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं ती उभीच राहिली.

तिच्या कामाची रीत अशी होती. यंत्र पडद्याचा प्रकाशाने आडवा छेद घेतं, केकची फोड कापून थर दाखवावेत तसा. एका डोळ्याचे असे पंचवीस छेद, वरून खाली. विभागात त्यांना रेघा म्हणत. पण डॉक्टरांना पंचवीस रेघा बघायला वेळ कुठला? म्हणून छापील कागदावर एकच रेघ जायची, शेजारी जाडी दाखवणारा रंगीत गोल आणि वर कोपऱ्यात ती रेघ कुठली ते सांगणारा एक छोटा बाण. गोल हिरवा म्हणजे ठीक. पंचविसातली कुठली रेघ छापायची, ते फोटोवाली ठरवायची. नियमाने मधली, तेरावी. पण रुग्ण हलला, पापणी लवली की मधली रेघ तुटकी येते; मग शेजारची घ्यायची, जी अखंड असेल, गुळगुळीत असेल. “तुमच्या रेघा सुंदर असतात,” असं मोठे डॉक्टर परिषदेहून आले की म्हणायचे. ती ते घरी येऊन सांगायची. वहिनीलाही सांगायची.

वर्षापूर्वीची फाइल उघडली. उजवा डोळा. छापलेली रेघ: अकरावी.

अकरावी खरंच सुंदर होती. थरावर थर, मधे हलकासा खळगा. बारावीवर खळग्याच्या कडेला, कानाच्या बाजूला, एक बारीक काळा ठिपका होता. तेरावीवर तीन, ठिपके नव्हेच, पोकळ्या, उंदराने कुरतडल्यासारख्या. चौदावीवर खालची एक चकाकती रेषा त्या जागी तुटली होती आणि पुढे पुन्हा सुरू झाली होती. पंधरावीवरही तेच.

डोळा हलला की काय होतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं: अख्खी रेघ सरकते, नाहीतर अख्खी काळी पडते. मधलाच तेवढा तुकडा कुरतडला जात नाही. सलग चार रेघांवर, एकाच जागी, तर नाहीच. आणि तिने त्या दिवशी या रेघा पाहिल्या होत्या. पाहून, वहिनी चुळबुळ करते म्हणून खराब आल्या असं धरून, वर सरकत सरकत अकरावीवर थांबली होती. कागद नीटनेटका झाला पाहिजे ना!

डावा डोळा उघडला. तिथेही तसंच, फक्त दुसऱ्या बाजूला. आरशात धरल्यासारखं.

तळपायापासून निघालेली आग नेमकी कुणावर काढावी ते तिला कळेना. तिने वहिनीला फोन लावला.

“आत्ताच्या आत्ता ये.”

“का? परत सहकार्य करायला?”

“ये म्हणते ना वहिनी!”

वहिनी आली. तासाभराने पुन्हा हनुवटी टेकणीवर, कपाळ पट्टीला.

“काय दिसतं?” फोटोवालीने विचारलं.

“वन्संनी परवानगी दिली तर सांगते.”

“सांग.”

“या डोळ्याने क्रॉसचा डावा हात नाही. मागच्या वेळी निम्मा तरी होता, आता खांद्यापासून गेलाय.”

“आणि डाव्या डोळ्याने?”

“उजवा नाही. दोन्ही उघडले की एकमेकांना सांभाळून घेतात. घरातल्या माणसांनी घ्यावं तसं,” वहिनी म्हणाली. “भिंग एकाच डोळ्याला लागतं.”

फोटोवालीने आणखी एक फोटो काढला, निळ्या उजेडातला. या फोटोत निरोगी डोळ्याचा मध्यभाग काळोखा दिसतो. तिथे जो पिवळा रंग असतो, तो निळा उजेड अडवून धरतो. वहिनीच्या डोळ्यात काळोख नव्हता. पडद्यावरचा अंधार जिथे असायला हवा, नेमकी तीच जागा उजळलेली होती. असा फोटो फोटोवालीने बारा वर्षांत एकदाच पाहिला होता, प्रशिक्षणात, भिंतीवर.

*

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दाराशी हात धुवायचं बेसिन होतं आणि ते नेहमी तिथे हात धूत असतानाच बोलत.

“सर, हिला मॅकटेल आहे.”

“या विभागात निदान कोण करतं?”

“तुम्ही.”

“मग?”

“मग करा.”

नळ बंद झाला. डॉक्टर वळले, तिच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे. खुर्चीवर बसून त्यांनी रेघा एकेक करून पाहिल्या, आणि या वेळी खरोखर पाहिल्या. त्यांना येत नव्हतं असं नाही. ते त्यांना उत्तम येत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया, दुसरा प्रकार. हजारात एखाद्याला. मध्यबिंदूच्या शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, कानाच्या बाजूने सुरुवात होते आणि थर झिजतात. तक्त्यावरची अक्षरं माणूस वाचतो, म्हणून लक्षात येत नाही. गेलेलं परत येत नाही. पण पूर्ण आंधळं होत नाही कुणी यात. मी सर्टिफिकेट देतो.” त्यांनी पॅड ओढलं. “आजच्या तपासणीत आढळून आले की...”

“आजच्या नाही, सर. गेल्या वर्षीच्या फोटोतही आहे.”

“आजचं देतो म्हटलं ना.”

“आजचं दिलंत तर त्याचा अर्थ काय होतो? गेल्या वर्षी डोळे चांगले होते, आज बिघडले. सुया चार महिन्यांपूर्वी सुटल्या. कारखाना म्हणेल, त्या वेळचं कुठे काय लिहिलंय? त्या वेळचं तर तुमच्याच सहीचं ‘नॉर्मल’ आहे.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. सावकाश, टक् असा आवाज येईपर्यंत.

“गेल्या वर्षी माझ्यासमोर जो कागद आला, त्यात काही नव्हतं. तो कागद कुणी काढला?”

“मी.”

“रेघ कुणी निवडली?”

“मी.”

“‘सहकार्य कमी’ कुणी लिहिलं?”

“मीच. आणि त्यावर बाण होता, सर.”

“कसला बाण?”

“रेघ कुठली ते दाखवणारा. तो मधोमध नव्हता, दोन रेघा वर होता. तुम्ही हिरवा गोल पाहिलात आणि सही केलीत. तुम्हाला शंका आली असती तर तुम्ही मला बोलावून झापलं असतं, आणि मी तेरावी काढून दिली असती. निमूटपणे.”

“दिवसाला शंभर कागद येतात माझ्यापुढे.”

“मलाही शंभर डोळे येतात.”

“आवाज खाली.” डॉक्टरांचा स्वतःचा आवाज मुळीच वर गेला नव्हता. “हे बाहेर गेलं तर पहिला बळी तुमचा. चूक तुमच्या हातची आहे, कागदोपत्री. तुमच्या बारा वर्षांवर बोळा फिरेल. वर, रुग्ण तुमची भावजय. लोक काय म्हणतील, विचार करा. आजचं सर्टिफिकेट घ्या, तिची तिथून बदली होईल, सगळे सुखात. आणि यंत्रातलं काहीही परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये.”

तिने पॅडवरचा अर्धवट कागद पाहिला. अक्षर सुरेख होतं.

“नको,” ती म्हणाली.

*

यंत्रातलं बाहेर न्यायला तिला परवानगी नव्हती. पण रुग्णाला स्वतःच्या तपासणीची प्रत मागता येते. त्यासाठी तळमजल्यावर नोंदणी कक्षात एक गुलाबी अर्ज मिळतो, जो सहसा कुणी मागत नाही. वहिनीने तो गेल्या वर्षीच्या तपासणीसाठी भरला. जागेवर सही करताना पेन रेषेच्या खाली घसरलं. तिने शिवी हासडली आणि पुन्हा सही केली.

“सगळ्या रेघा?” कारकुनाने विचारलं. “दोन्ही डोळ्यांच्या? पन्नास कागद होतील बाई. अल्बम करताय का लग्नाचा?”

“घटस्फोटाचा,” वहिनी म्हणाली. “मारा शिक्का.”

घरी आल्यावर दादाने तो गठ्ठा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला.

“म्हणजे तू सांगणार, की माझ्याच हातून चूक झाली?” त्याने बहिणीला विचारलं. “तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? एकीची नोकरी जातेय म्हणून दुसरीनेही जायचं?”

“चूक माझी आहे, दादा.”

“मग घरात माफी माग! पायावर डोकं ठेव! चारचौघांत कशाला?”

वहिनी स्टोव्हशी उभी होती. ती वळली नाही. “खोटी मी चारचौघांतच ठरलेय,” ती म्हणाली.

दादाने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि, कुणी सांगितलं नसताना, आपला कप उचलून दुसरीकडे ठेवला.

*

चौकशी गुरुवारी होती, कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिथे एरवी नव्या कामगारांना आग विझवायचं शिकवत. भिंतीवर अजून तांबड्या बाटलीची चित्रं होती. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या प्रत्येक उत्तर स्वतःच्या हाताने लिहून घेत आणि लिहून होईपर्यंत कुणाला पुढे बोलू देत नसत. एका बाजूला व्यवस्थापक आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि साक्षीदार म्हणून फोटोवाली.

सुपरवायझरने आपलं घोडं पुढे दामटलं. “बाई, साधा हिशेब आहे. ज्याला दिसत नाही तो सगळं सोडतो. ही अर्ध्या पकडते, अर्ध्या सोडते. याला डोळ्यांचा आजार म्हणत नाहीत, अंगचोरपणा म्हणतात.”

फोटोवाली उभी राहिली. तिने टेबलावर पाच कागद मांडले, अकरावी ते पंधरावी रेघ, आणि त्यांच्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

“डोळ्यात चित्र उलटं पडतं,” ती म्हणाली. “पडद्याचा कानाकडचा भाग खराब झाला, की नाकाकडचं दिसेनासं होतं. उजव्या डोळ्याला नाकाकडचं म्हणजे डावीकडचं. ही सुईच्या टोकावर नजर ठेवते तेव्हा टोकाच्या लगेच डावीकडे जे असेल, ते हिच्यासाठी नसतंच. काळं दिसत नाही, पोकळ दिसत नाही. मेंदू ती जागा बुजवून टाकतो. हिला सरळ सुई दिसते. परत आलेल्या चौदा सुया बघा. एकही उजवीकडे वाकलेली नाही.”

“योगायोग असू शकतो,” व्यवस्थापक म्हणाले.

मग वहिनी बोलली. इतका वेळ ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“माझं बाद पाकीट उघडा.”

“काय?”

“त्या गठ्ठ्याचं. मी पकडलेल्या सोळा. बाद सुया वर्षभर मोहोरबंद ठेवायचा नियम आहे ना? एकोणीस वर्षं मी स्वतः त्या पाकिटांवर सही करतेय. आणा आणि उघडा.”

सुपरवायझरने व्यवस्थापकांकडे पाहिलं. “त्याची गरज...”

“आणा,” बाई म्हणाल्या, लिहिता लिहिता.

पाकीट यायला वीस मिनिटं लागली. मोहोर बाईंनी तोडली. सुया ट्रेमध्ये वहिनीने मांडल्या, एकेक, तासलेला भाग वर, टोक समोर. तिचे हात ते डोळे मिटूनही करू शकले असते. बाईंनी दोरीवरचा चष्मा लावला, वहिनीचं भिंग मागून घेतलं आणि वाकून मोजायला लागल्या.

“उजवीकडे तेरा,” त्या म्हणाल्या. “वर वळलेल्या तीन.” त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. “डावीकडे एकही नाही.”

सुपरवायझर छताकडे पाहू लागला.

“आता मला सांगा,” बाई फोटोवालीकडे वळल्या, “या रेघा वर्षभरापूर्वीच्या. मग सर्टिफिकेटवर ‘नॉर्मल’ कसं?”

“कागदावर एकच रेघ जाते. मी अकरावी पाठवली. ती चांगली दिसत होती. दोष होता त्या मी बाजूला ठेवल्या.”

“‘सहकार्य कमी’ हा शेरा कुणाचा?”

“माझा.”

“खरा होता?”

“नाही. ती सांगत होती काय दिसत नाही ते. मी तिला गप्प बसवलं.”

व्यवस्थापक पुढे झुकले. “एक मिनिट. या साक्षीदार त्यांच्या नणंद आहेत. नात्यातलं माणूस आपल्या माणसासाठी काहीही...”

“नात्यातली आहे म्हणूनच विश्वास ठेवला नाही!” फोटोवालीचा आवाज फुटला, आणि या वेळी तो खाली घ्यायला सांगणारं कुणी नव्हतं. “परक्या बाईने सांगितलं असतं ना, क्रॉसचा हात गेलाय म्हणून, तर मी पुन्हा काढला असता फोटो. तीनदा काढला असता. ही घरात सारखी काही ना काही सांगते, म्हणून मी ऐकलं नाही. आपल्या माणसासाठी मी काय केलं, ते त्या शेऱ्यात लिहिलंय. वाचा ते.”

बाईंनी लिहून घेतलं. मग फाइल मागून पुढे चाळली आणि एका कागदावर थांबल्या.

“हा अर्ज. ‘मला भिंगाच्या कामावरून काढावे, टोकाशेजारी दिसत नाही.’ तारीख गेल्या वर्षीची. खाली कुणाची सही आहे? ‘सर्टिफिकेट नॉर्मल, काम चालू ठेवणे.’”

सुपरवायझरने समोरचे कागद सारखे केले.

“मी विचारतेय. सही कुणाची?”

“माझी,” सुपरवायझर म्हणाला.

बाईंनी पट्टी घेतली, ‘हेतुपुरस्सर निष्काळजीपणा’ यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी ‘सिद्ध झाला नाही’ असं लिहून सही केली. आरोप मागे. बदली साठवण विभागात. सुपरवायझरने अर्ज का फेटाळला आणि रुग्णालयाने सर्टिफिकेट कसं दिलं, यावर वेगळं पत्र. चार ओळींत सगळं संपलं.

*

फाटकाबाहेर दोघी उभ्या होत्या. बसला वेळ होता. वहिनीच्या मुठीत तिचं भिंग होतं. कडेला झिजलेली चिकटपट्टी, एकोणीस वर्षांच्या घामाने काळी झालेली. ते जमा करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

“झालं ना,” फोटोवाली म्हणाली. “सुटलीस.”

“सुटले?” वहिनीने मूठ आवळली. “उद्यापासून खोकी मोजणार. त्या म्हाताऱ्याच्या हाताचा फोटो पाहिलास? तो हात माझ्या सुईने फाटलाय. तुझ्या नाही, तुझ्या डॉक्टरच्या नाही. माझ्या. मी वर्षभर आधी सांगितलं होतं. तुला, सुपरवायझरला, घरात. सगळ्यांचं आपलं समोर बघ, समोर बघ! अगं, समोरच तर बघत होते मी!”

रस्त्यापलीकडचा एक माणूस वळून पाहायला लागला. वहिनीने त्याच्याकडेही तितक्याच रागाने पाहिलं. तो चालू लागला.

“मला माफ...”

“नको म्हणूस ते. आत्ता नको. मी अजून पोटभर चिडलेली नाहीये.”

बस आली. वहिनी पायरीवर चढली, दांडी धरायला हात किंचित बाजूला गेला, मग सापडली. तिने मागे वळून पाहिलं.

“वन्सं, एक सांगा. तुमच्या त्या ‘सहकार्य कमी’मध्ये माझ्यासारखे आणखी किती जण आहेत?”

*

शुक्रवारी सकाळी फोटोवालीच्या टेबलावर ज्ञापन होतं. परवानगीविना साक्ष, रुग्णालयाच्या प्रतिमेला बाधा, सात दिवसांत खुलासा. मोठ्या डॉक्टरांची तीच सुरेख सही. तिने ते एकदा वाचलं आणि खणात सरकवलं. खुलासा लिहायला सात दिवस होते आणि काय लिहायचं ते तिला माहीत होतं.

यंत्र सुरू झालं. तिने शोधायच्या चौकटीत स्वतःचाच शेरा टाइप केला. पडद्यावर यादी उतरू लागली आणि थांबेपर्यंत बराच वेळ गेला. दोनशे बारा नावं. बहुतेकांचे डोळे खरोखरच हलले असतील. मुलं होती, म्हातारी माणसं होती, मान न धरवणारी. बहुतेक.

बाहेर बाकं मांडल्याचा आवाज आला. पहिला रुग्ण दारात येऊन उभा राहिला, जाड काचांचा चष्मा, हातात चिठ्ठी.

“बसा,” ती म्हणाली. “हनुवटी इथे. आत हिरवा क्रॉस आहे. तो जसा दिसतो तसा मला सांगा.”

“क्रॉससारखाच दिसतो.”

“चारही हात आहेत?”

माणूस हसला. “म्हणजे काय! असे प्रश्न विचारतात का?”

“विचारतात,” ती म्हणाली. “मोजून सांगा.”

तो गेल्यावर, पुढचा आत येईपर्यंतच्या दीड मिनिटात, तिने यादीतलं पहिलं नाव उघडलं. उजवा डोळा. तिने छापलेली रेघ होती सोळावी, आणि सोळावी सुंदर होती. ती तिथून हटली आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात केली.